तंबूतून ती कुठून बाहेर आली

१० नोव्हेंबर १९८१

चि. शकुन हीस अनेक उत्तम आशीर्वाद.

नावाआधी ‘सौ.’ लिहावं की नाही, या विचारात टाकावरची शाई वाळली. शेवटी ‘चि.’ लिहून मोकळा झालो. चिरंजीव व्हायला कोणाची परवानगी लागत नाही, सासऱ्याचीही नाही.

तुझं पत्र शाळेच्या पत्त्यावर आलं, आणि नव्या हेडमास्तरांनी भलेपणानं ते घरीच पाठवून दिलं. म्हणजे तुझ्या सासूच्या हाती पडलं. तिनं ते उलटसुलट पाहिलं, पदराला पुसलं आणि माझ्या चष्म्याखाली ठेवून दिलं. संध्याकाळी मला विचारते, अहमदाबादचं काय म्हणणं हाय? तू गेल्यापासून या घरात तुझं नाव निघत नाही, शहराचं निघतं. अहमदाबादले तिकडं भात भेटत असन का. अहमदाबादले थंडी सोसत नाही. दिवाळीला घर सारवताना म्हणाली, अहमदाबादनं काढलेला मोर तेवढा सोडजा. तेव्हा तो मोर अजून भिंतीवर आहे, हे कळावं. मुलगा तिचा आहे, तू परक्याची. तरी मोर आहे.

माझं म्हणशील तर मी अजून तू गेलीस त्याच दुपारी साकोलीच्या मोटारस्टँडावर उभा असतो. तू आमच्या हिरालालच्या माराचा वळ पदरानं झाकला नाहीस, भर उन्हात सगळ्या गावातून माझ्या पुढं चाललीस. तुझी ती चाल मी मनात वृत्तात बसवून पाहतो. मंदाक्रांता नाही, तिला इतकी सवड कुठली. भुजंगप्रयात असावं.

आता कामाचं. इतके दिवस दुसऱ्यांच्या चित्रांत रंग भरणाऱ्या तुला स्वतःचा चार मिनिटांचा हलत्या चित्रांचा चित्रपट करायला मिळतो आहे, आणि तोही आपल्या दंडारीच्या खेळातल्या साहेबाच्या सोंगावर. हे वाचून मी अंगणात मोठ्यानं कविता म्हटल्या. इंग्रजी अमलाच्या आठवणींवर तुमच्याकडं लहान चित्रपटांची माळ होते आहे, आणि खेड्यानं गोऱ्या साहेबाची कशी फजिती केली हे तुमच्या सरांना फार आवडलं, असं लिहितेस. आवडणारच.

परवाच दिवाळीनंतरची मंडईची जत्रा झाली. दुपारच्या दंडारीला मी यंदा तुझ्या डोळ्यांनी पाहायला म्हणून अगदी पुढं, पोरांत बसलो. तेव्हा टिपून घे. साहेब चिंधू झाला होता. तोंडाला चुना, डोक्यावर अर्धा भोपळा ती टोपी, हातात उसाचं टिपरू ती छडी, आणि दोन पायांत बांबू तो घोडा. मग डोक्यावर मासळीची टोपली घेऊन ढिवराची मुलगी येते. पूर्वी ती इतवारी व्हायचा. आता तो दंडारीचा म्होरक्या, आणि लुगडं त्याचा पुतण्या नेसतो. मच्छी ताजा है? साहेब विचारतो. आत्ताच पाण्यातून काढली साहेब, हात लावून पाह्य, असं ती म्हणते. लोक हसतात. दोघंजण धोतर ताणून धरतात, तो तंबू. साहेब तिला आत ओढतो, धोतर हलतं, ढोलकी घुमते, आणि साहेब बोंबलत बाहेर येतो. टोपी गेलेली, विजारीला मागून मरळ मासा लोंबतो आहे. माझ्या शेजारचा म्हातारा हसून हसून खोकू लागला. मीही हसलो.

तुझ्या एका प्रश्नाचं उत्तर मात्र मिळालं नाही. तू लिहितेस की नाटकातला माणूस पडद्यामागं गेला की सुटला, पण आमच्या कामात पाऊलन् पाऊल काढावं लागतं. आत गेलेल्याला कुठून तरी बाहेर काढावंच लागतं, नाही तर पाहणाऱ्याला काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतं. तेव्हा ती मुलगी तंबूतून कोणत्या बाजूनं बाहेर येते, आणि जाते कुठं?

मी इतवारीला गाठलं. तो म्हणाला, ‘येतच नाही गुर्जी. धोतर खाली ठेवलं का ते पोट्टं मांगच्या मांग बिडी प्याले जाते.’ आणि जरा विचार करून म्हणाला, ‘बाहीर येऊन करन काय? हासू त साहेबावर हाय.’

इतकी वर्षं पाहतो आहे, हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. मी मूळचा शहापूरचा. या गावी बदलून आलो तेव्हा इंग्रज जायच्या बेतात होता. पण सोंग त्याआधीचं आहे. कोणाला तरी ठाऊक असेल. विचारून कळवतो.

तुझा
कृष्णराव मामाजी


२९ नोव्हेंबर १९८१

चि. शकुन हीस आशीर्वाद.

तुझा प्रश्न मी गावभर फिरवला. म्हाताऱ्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, जसं मी चौथीच्या पोराला विचारावं की कवितेतला चंद्र दिवसा कुठं असतो. मग घरीच विचारलं. तुझी सासू तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, ‘बाहीर आली असन त बायाईले माहीत. बायाईले पुसलं का?’

आणि मग तिनं जे सांगितलं ते ऐक. साहेबाचं सोंग आलं की दंडार पाहायला बसलेल्या बाया उठतात. कोणी लेकरू झोपवायला, कोणी पाणी भरायला. आपण पुरुष समजत आलो की सोंग जरा चावट आहे, म्हणून बाया लाजून जातात. तुझी सासू या गावात आली त्या वर्षी मंडईत तीही हसत बसली होती. शेजारच्या म्हातारीनं हात धरून उठवलं. काहून, असं हिनं विचारलं, तर म्हातारी म्हणाली, साहेब आला का आपून बसाचं नाही, ऊठ. तेव्हापासून ही उठते. पुढं नव्या आलेल्या सुनांना हिनंही उठवलं. तुलाही उठवलं होतं म्हणे. तुला आठवत असेल.

मला हे कधी बोलली नाहीस, असं मी म्हटलं. तर म्हणते, तुमी कधी पुसलं का?

अर्धी सभा दरसाल उठून जाते आणि उरलेल्या अर्ध्या सभेला तिचं कारण माहीत असतं, आणि ते चूक असतं. हे मी वर्गात कोणत्या धड्याखाली शिकवलं असतं, कळत नाही.

कारण हिलाही ठाऊक नाही. पण म्हणाली, रेवताबाईले पुसा. ढिवर मोहल्ल्यातली, तलावाच्या बांधाला, पाळीवर शेवटचं घर. पावसाळ्यात मासळी आणि हिवाळ्यात शिंगाडे घेऊन आपल्या दारी यायची आणि तुझ्या ओटीत दोन मुठी जास्तीच्या टाकायची, तीच. एकटीच असते. मंडईच्या दिवशी सगळं गाव इकडं असताना ती डोंगा घेऊन तलावात असते, हेही आत्ता मला सुचलं.

काल तिच्याकडं जाऊन आलो. जाळं दुरुस्त करत बसली होती. हवापाण्याच्या गोष्टी झाल्या. शिंगाडा यंदा बरा आहे.

आज ऊन छान पडलं आहे आणि उन्हात बसलं की माझी लेखणी पेंगते. बाकीचं पुढच्या पत्री लिहितो. तोवर तू साहेबाची टोपी काढून ठेव, पण टोपीपुढं जाऊ नको.

तुझा
मामाजी


१८ डिसेंबर १९८१

चि. शकुन,

हवापाण्याचं लिहिलं ते खोटं नव्हतं, अर्धं होतं. रेवताबाईला विचारल्याशिवाय पुढचं तुला लिहिणं बरं दिसेना. परवा पुन्हा गेलो, परवानगी घेऊन आलो. आता लिहितो. तू बसून वाच.

पहिल्या दिवशी मी तिला तुझा प्रश्न जसाच्या तसा विचारला. मला वाटलं, तिला कोणाची तरी ऐकीव गोष्ट ठाऊक असेल. जाळ्यातली तिची बोटं थांबली नाहीत. गाठ आवळून म्हणाली, ‘मांगून. पाण्यातून.’

मग विचारलं, ‘कोण पुसते?’

मी म्हटलं, माझी सून.

‘जे दुपारी गेली ते?’

मी हो म्हटलं.

‘मी पाळीवर होती तवा. पाह्यलं तिले. गालावर एवढा वळ, अन् पदर खांद्यावर. मी म्हटलं, जाय माय, अशीच जाय.’ जाळं तिनं बाजूला ठेवलं. ‘तिले सांगजा. ते बराबर काढन.’

शकुन, ती मुलगी रेवताबाई आहे.

त्या काळी दर हिवाळ्याला जंगलखात्याच्या साहेबाचा मुक्काम तलावाकाठच्या आमराईत पडे. मुक्कामाला लाकूड, दूध, कोंबडी, मासळी गावानं फुकट पोचवायची. ती बेगार. घरागणिक पाळी लावलेली. गावचा जमीनदार म्हणजे मालगुजार, त्याचा माणूस सकाळी दारात येऊन सांगायचा, आज तुमची पाळी. त्या साहेबाची ख्याती गावाला ठाऊक होती, म्हणून प्रत्येक घर पुरुषमाणूसच धाडत होतं. रेवताबाईच्या घरी पाळी आली तेव्हा तिचा बाप तापानं फणफणला होता, आई बाळंतीण. उद्या पोचवतो, म्हणून बाप हातापाया पडला. मालगुजाराचा माणूस म्हणाला, उद्या कायले, हे पोट्टी हाय न.

किती मोठी होतीस, असं मी विचारलं. तिला वय सांगता येईना. मोठा पूर आला त्या साली मी रांगत होते म्हणत, एवढंच ती म्हणाली. पुराचं साल मला ठाऊक आहे. हिशेब केला, पण आकडा तुला लिहीत नाही. आपल्या शाळेत चौथीच्या वर्गात पहिल्या रांगेत ज्या मुली बसतात, त्यांच्यातली एक डोळ्यांपुढं ठेव.

तंबूतलं तिनं सांगितलं नाही. मी विचारलं नाही.

मागच्या बाजूनं कापड उचलून ती सरपटत निघाली. मागं तलाव. गावच्या बाया कंबरभर पाण्यात शिंगाडे काढत होत्या. तिला पाहून एकीनं हाक मारायला तोंड उघडलं, दुसरीनं तिचं तोंड दाबलं. मग कोणी काही बोललं नाही. एकीनं आपला पदर हिच्या डोक्यावर ओढला, एकीनं टोपली हातात दिली, आणि हिला मधे घेऊन सगळ्याजणी शिंगाडे काढत राहिल्या. साहेबाचा चपराशी पाळीवर येऊन ओरडला. एकीनंही मान वर केली नाही. काढून संपलेल्या वेलांना पुन्हा पुन्हा हात घालत, पौषाच्या त्या पाण्यात गुरं घरी येईपर्यंत त्या उभ्या राहिल्या. मग एक घोळका करून गावात आल्या.

‘साऱ्याच ओल्या,’ रेवताबाई म्हणाली. ‘कोणती कोणती ते कोणाले समजन?’

पुढच्या मंडईला पोरांनी सोंग काढलं. साहेब पाण्यात पडला, त्याच्या विजारीत मासा शिरला, असं काहीबाही गावात पसरलं होतं, त्यावर. कोणाच्या मनात वाईट नव्हतं, असं तीच म्हणते. मी म्हटलं, लोक तर इंग्रजावर हसत होते. त्यावर ती जे म्हणाली ते माझ्या कानात आहे.

‘साहेब त कवाच गेला गुर्जी. दरसाली तंबूत कोण जाते?’

तिच्या अटी आहेत. तंबूच्या आतलं काढायचं नाही. गावाचं नाव नको. बाया काढायच्या, साऱ्या. आणि साहेब तुला हवा तसा काढ. तो परका होता, कुठला कोण. पण दारात आला होता तो आपला माणूस होता. त्याला गाळू नको.

आता थांबतो. तुझी सासू चुलीपाशी आहे आणि मी वाचून दाखवेन म्हणून मघापासून तेच एक भांडं घासते आहे.

तुझा
मामाजी


१४ फेब्रुवारी १९८२

चि. शकुन हीस आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून वाईट वाटलं, नवल वाटलं नाही. सरांना भोपळ्याची टोपी हवी आहे. बैठकीतल्या दुसऱ्या साहेबांना सत्य चाललं, पण ते म्हणतात, तंबूवर सावल्या तरी दाखवा, नाही तर अत्याचार झाला हे लोकांना कळणार कसं. आणि मालगुजाराच्या माणसाला दोघंही गाळायला सांगतात, कारण माळ इंग्रजी अमलावर आहे, आपल्या लोकांवर नाही. ऐकलं नाही तर काम दुसऱ्याला देतील.

काय करू, असं मला विचारतेस. मी जन्मभर चालीवर कविता म्हणवून घेणारा मास्तर. मला जे येतं तेच सांगतो. लांब वृत्तातल्या ओळीत एक जागा असते, तिथं आवाज क्षणभर थांबवायचा. यती. पोरं ती गाळून धावत सुटत, मी पाठीवर थाप मारून थांबवत असे. यती म्हणजे ओळ तुटली असं नव्हे. तिथं म्हणणारा गप्प असतो आणि ऐकणाऱ्याचा श्वास चालू असतो. तुझ्या तंबूपाशी यती आहे. ज्याला तिथं सावल्या लागतात, त्याला श्वास घ्यायचा नाही, नुसतं पाहायचं आहे. हे सरांना माझ्या नावानं सांगितलंस तरी चालेल. एका म्हाताऱ्याचं खूळ म्हणून तरी ऐकतील.

आणि साहेब गावात एकटा आला होता का? त्याचा घोडा आपण धरला, लाकूड आपण फोडलं, पाळी आपण लावली. माळ इंग्रजी अमलावर असेल तर दारातला माणूस तिच्यातच ओवलेला आहे.

रेवताबाईला मी सांगितलं की कदाचित होणार नाही. म्हणाली, नाही झालं त नाही झालं, सांगून त झालं. पण तेव्हापासून एकोडीच्या बाजाराला जाताना ती वाट वाकडी करून आपल्या दारावरून जाते. मासळी घ्या म्हणत नाही. विचारते, काढलं का तिनं? मी म्हणतो, काढते आहे. दर वेळी म्हणतो. म्हणून तुला लिहितो की जमेल तितकं धरून ठेव. काम गेलं तर तुझं एक काम जाईल. तिची ती मुलगी मात्र पुन्हा तंबूतच राहील.

हिरालाल मधे गावी आला होता. तुझा पत्ता मागत होता. तुझं पत्र तेव्हा डाळीच्या डब्याखाली होतं. त्याच्या आईनं त्याला जेवायला वाढलं आणि म्हणाली, अहमदाबाद लय मोठं शहर हाय बापा, आपल्याले काय मालूम. तो गेल्यावर बराच वेळ दाराशी उभी होती. मग आत येऊन मला म्हणाली, शिंगाड्याचं पीठ धाडाचं असन त डाकेनं जाते का? पीठ वेगळं पाठवलं आहे. सरांनाही शिरा करून घाल. माणूस गोड खाताना जरा ऐकतो.

तुझा
मामाजी


२८ नोव्हेंबर १९८२

चि. शकुन हीस अनेक आशीर्वाद.

सर वाकले, हे वाचून मी शेजाऱ्यांना पेढे वाटणार होतो; कशाचे, ते सांगता आलं नसतं म्हणून गूळ वाटला. गूळ कशाचाही असतो. टोपी गेली, सावल्या गेल्या, दारातला माणूस राहिला. म्हणजे तूच जिंकलीस. शिऱ्याला श्रेय देऊ नको.

तू पाठवलेली चित्रांची चवड मिळाली. अंगठ्यानं भरभर सोडली की मुलगी चालते. मी तिला सकाळपासून कितीदा चालवलं, आणि मग तुझ्या सासूनं ती माझ्या हातातून काढून घेतली. एक एक पान सावकाश पाहिलं. एका चित्रात मुलगी टोपली सावरायला कोपर वर करते ना, तिथं थांबून म्हणाली, ‘शकुन असंच करे. घागर घेताना.’ मी चष्मा पुसत बसलो. अशा वेळी बोललं की माणूस पुन्हा अहमदाबाद म्हणायला लागतं.

आता मंडईचं. इतवारी दसऱ्याच्या सुमारास माझ्याकडं आला. त्यानं आपल्या आईला विचारलं होतं की साहेबाच्या वेळी बाया काहून उठतात. माझ्या प्रश्नानंच त्याच्या डोक्यात किडा शिरला होता. म्हातारीला आता धड दिसत नाही. ती म्हणाली, पानी लय थंडं होतं रे. त्या पाण्यात तीही होती.

इतवारी ओट्यावर बसला, बिडी काढली, पेटवली नाही. ‘गुर्जी, मी जवानीभर लुगडं नेसलो. लोकं म्हणत, इतवारी हुबेहूब. आता सांगा, कोणाची हुबेहूब?’

रेवताबाईपाशी जाऊ का, म्हणाला. मी म्हटलं, जाऊन बोलशील काय? तर म्हणाला, तेच समजत नाही. गेला नाही. पण यंदा दंडारीत ढोलकी साहेबाच्या जागेवर आली आणि त्यानं हातानं खूण करून तिला पुढच्या सोंगावर नेलं. मागून कोणीतरी ओरडलं, साहेब कुठं गेला बे? इतवारी उभा राहिला आणि मोठ्यानं म्हणाला, ‘यंदा भोपळा लागला नाही.’

आजूबाजूच्या एकेका छपरावर चार चार भोपळे पिवळे होऊन पडले होते. सगळ्यांना दिसत होते. कोणी वाद घातला नाही. चिंधू तेवढा तोंडाला चुना लावून बसला होता, त्याला धुवायला पाठवलं.

चित्रपट पुरा झाला की रीळ कसंही करून इकडं धाड. पडद्याचं मी बघतो.

तुझा
मामाजी


९ मार्च १९८४

चि. शकुन हीस,

तू स्वतः आली नाहीस हे बरोबर केलंस. हिरालाल त्या दिवशी गावात होता. शाळेकडं फिरकला नाही. त्याच्याबद्दल इतकंच.

प्रौढशिक्षणवाल्यांची सिनेमाच्या यंत्राची गाडी वर्षभर आज-उद्या करत शेवटी मंगळवारी आली. शाळेच्या मोठ्या वर्गाच्या खिडक्यांना घोंगड्या आणि पोती लावून भर दुपारी अंधार केला. फळ्यावर तुझ्या सासूनं आपलं नवं पातळ उलटं ताणून बांधलं. त्याचीच आतली बाजू पांढरी आणि स्वच्छ होती. पुरुष मागं उभे. इतवारी दाराच्या बाजूला, आईला पाठीवर घेऊन आला होता. बाया बसल्या होत्या. रेवताबाई सगळ्यांत शेवटी आली, रिकामी टोपली काखेत घेऊन, जशी काही बाजारातून जाता जाता डोकावली. बोलावलं तरी पुढं येईना. उंबऱ्यापाशीच टेकली.

तुला पाहता आलं नाही म्हणून सांगतो. दारात येणाऱ्या माणसाचं तू तोंड काढलं नाहीस, नुसत्या वहाणा आणि काठी. पण त्या वहाणा करकरल्या आणि मागच्या पुरुषांत कोणीतरी घसा साफ केला. तंबू आला तेव्हा तू नुसता कोरा कागद ठेवलास, वाऱ्याचा आवाज, तोही थांबला. यंत्राची घरघर तेवढी. एकही बाई उठली नाही. मग खालून कापडाची कड उचलली गेली, एक हात आला, पाणी आलं, आणि त्या पाण्यात एकीमागून एक तुझ्या बाया. त्यांच्या पदरांचे रंग तू एकमेकींत मिसळू दिलेस. इतवारीची आई काही पाहू शकत नव्हती, तिला तो कानात सांगत होता. हिरवी आली, आता लाल आली, आता तिले मधात घेतलं. ती मान हलवत होती.

संपलं. यंत्रवाला रीळ गुंडाळायला लागला. तेव्हा उंबऱ्यापासून आवाज आला, ‘अजून एकडाव लाव गा.’

दुसऱ्यांदा ती पुढं येऊन बसली. टोपली मांडीवर. मी तिच्याच शेजारी होतो. दारातल्या माणसापुढं मुलगी उभी राहते आणि त्याच्या काठीच्या मुठीएवढीच तिची उंची असते, तिथं रेवताबाई हळूच म्हणाली, ‘एवढीशी होती का मी?’

ती माझ्याशी बोलत नव्हती.

‘मले वाटे, मी मोठी होती,’ ती म्हणाली. ‘एवढी मोठी असून चिल्लावली काहून नाही, पळाली काहून नाही, असंच वाटे मले. इतके दिस. हे त लेकरू हाय.’

तुझी सासू तिच्या पाठीशी होती. तिनं रेवताबाईच्या खांद्यावर हात ठेवला आणि काढला नाही.

यंत्रवाला माझ्याकडं पाहू लागला. दिवा तापला होता, त्याला पुढच्या गावी जायचं होतं. मी त्याला हात जोडले. त्यानं तिसऱ्यांदा लावलं. या वेळी कापडाची कड उचलली गेली, तो लहान हात बाहेर आला, आणि रेवताबाई टोपली खाली ठेवून पुढं वाकली.

‘ये माय,’ ती म्हणाली. ‘हळू ये. पानी थंडं हाय.’

तुझा
कृष्णराव मामाजी